अकोला आधी की अमरावती?

वऱ्हाडात यादी करणाऱ्या माणसाला कोणी काही म्हणत नाही. वही काढावी, नावं लिहीत सुटावं. वरून चहाही मिळतो. भांडण लागतं ते यादीला क्रम लावायला घेतला की. कोणाचं नाव वर गेलं, कोणाचं खाली आलं, कोण 'समस्त परिवारा'त गडप झालं, यावरून जुळलेल्या सोयरिकीत मिठाचा खडा पडल्याची उदाहरणं तालुक्यातालुक्यात निघतील. संगणकाला नाक नसतं, त्यामुळे ते कापलंही जात नाही, तेव्हा क्रम लावायचं काम त्याच्याकडे सोपवून मोकळं व्हावं, असं शिकल्यासवरल्या लोकांचं मत असतं. या मताच्या लोकांनी एकदा संगणकाकडे फोल्डरच्या आतल्या फोल्डरच्या आतल्या फोल्डरमधल्या सगळ्या फाइलींची नंबरशीर यादी मागून पाहावी. मानपान तिथंही असतो. फक्त तो बाइटमध्ये मोजतात.

माझ्या भाच्याचं अमरावतीत, राजकमल चौकाजवळच्या एका बोळात दुकान आहे. पाटीवर 'बारसे, वाढदिवस, लग्नपत्रिका, तेरवी, झेरॉक्स, लॅमिनेशन, सातबारा' असं जवळजवळ सगळं आयुष्य एका ओळीत मावलं आहे. मे महिन्यात, ऊन पंचेचाळिसाच्या पुढे सरकलेलं असताना, दुकानातल्या जुन्या संगणकानं मान टाकली. हार्ड डिस्क तेवढी वाचली. माझ्या लॅपटॉपवर लिनक्स आहे हे आमच्या नात्यात सगळ्यांना माहीत आहे, फक्त ते काय असतं हे माहीत नाही. भाचा डिस्क दुपट्ट्यात गुंडाळून अकोल्याला माझ्याकडे आला.

"मामा, सारं हाये यात. बाबाच्या टायमापासूनचं. मले काही नाई पायजे, फक्त यादी पायजे. कोणती फाइल कोठी हाये, आन् नंबरशीर. झालं."

डिस्कची सगळी मांडणी भाऊजींची. गिऱ्हाईक त्यांना नावानं लक्षात राहत नसे, गावानं राहत असे. म्हणून आधी जिल्हा, त्यात तालुका, त्यात गाव, गावात घराणं आणि घराण्यात लग्न. अमरावतीचे १४ तालुके, अकोल्याचे ७, शिवाय यवतमाळ आणि बुलडाणा. वाशीम १९९८ साली अकोल्यातून वेगळा जिल्हा झाला, पण भाऊजींनी तो कधी वेगळा मानलाच नाही. त्यांच्या डिस्कवर वाशीम अजून अकोल्याच्याच पोटात सुखानं नांदत होता.

अशा वाड्यात शिरायचं तर दोन कमांडा आहेत. एलएस ही मुळात ओट्यावरूनच चौकशी करणारी. तिला कॅपिटल आर लावला की ती आत जाते खरी, पण प्रत्येक फोल्डरचं वेगळं मथळेबाज प्रकरण करते आणि फाइलीपुढे पूर्ण पत्ता लिहीत नाही. दुसरी फाइंड. ही म्हणजे बडनेऱ्याला गाडीत चढून शेजारी बसलेला वऱ्हाडी माणूस. 'कोणतं गाव?' अकोला. 'अकोल्यात कोठी?' जठारपेठ. 'ते झालं, पण मूळचे कोठचे?' अकोट तालुका. 'तालुक्यात कोणतं?' सांगितलं. 'कोणाइच्या घरचे?' मूर्तिजापूर येईपर्यंत तो तुमच्या आजीच्या माहेरी पोचलेला असतो. फरक इतकाच की नातं निघालं की तो माणूस थांबतो आणि डब्यातली चिवड्याची पुडी काढतो. फाइंडला नात्याशी देणंघेणं नाही. ती तळ लागेपर्यंत उतरते, वर येते आणि शेजारच्या फोल्डरात शिरते. किती खोल जायचं हे तिला आधी बजावून ठेवता येतं, त्या सोयीला मॅक्सडेप्थ म्हणतात. गाडीतल्या माणसात ती सोय नाही.

फाइंडचे दोन दोष आहेत: तिला काही लपवता येत नाही आणि क्रम माहीत नाही. डिस्कवर नोंदी जशा भेटतील तशा ती ओकते. क्रम लावणारी सॉर्ट ही वेगळी कमांड, आणि दोघींच्या मध्ये पाइप. बेल लॅब्जमधल्या डग मॅकिलरॉय नावाच्या गृहस्थांनी धरलेल्या हट्टामुळे १९७३ साली युनिक्समध्ये हा पाइप आला. एका कमांडीच्या तोंडून निघालेलं दुसरीच्या कानात जावं, एवढीच त्यांची मागणी होती. आमच्याकडे ही व्यवस्था पूर्वीपासून आहे, पण तिच्यात ऐकणारी सांगताना स्वतःचंही थोडं घालते.

यादी पडद्यावर वाहू लागली. भाचा खुर्ची ओढून बसला आणि बराच वेळ बघून म्हणाला, "मामा, हा थंब्स कोन हाये?"

"कोण?"

"थंब्स डीबी. वरुडच्या लग्नात हाये, मोर्शीच्या लग्नात हाये, तिवस्याच्या बारशात हाये. तेरवीत बी हाये पहा. येवढी घसट असलेलं घराणं कोणतं आपल्याकडं?"

थंब्स डॉट डीबी ही जुन्या विंडोजची कारागिरी. फोल्डर उघडल्यावर आतल्या चित्रांचे छोटे नमुने चटकन दिसावेत म्हणून विंडोज ते एका फाइलीत साठवत असे आणि ती फाइल ज्या त्या फोल्डरात, कोणाला न विचारता, ठेवून देत असे. आमंत्रण नाही, आहेर नाही, प्रत्येक पंगतीत हजर. फाइंडला उद्गारचिन्ह देऊन 'या नावाचा सोडून' असं सांगता येतं. मी ते सांगितलं आणि यादी एकदम हलकी झाली. भाच्याच्या जिवावर आलं. "तेरवीपर्यंत साथ देल्ली बिचाऱ्यानं," तो म्हणाला.

थंब्स गेल्यावर दिसली 'बॅकअप ऑफ' मंडळी. लग्नपत्रिका हा धंदा महाराष्ट्रात कोरलड्रॉवर चालतो, आणि कोरलड्रॉ फाइल सेव्ह करताना आधीची प्रत 'बॅकअप ऑफ अमुक' अशा नावानं शेजारी ठेवतो. इंग्रजीत बी आधी, पी नंतर. त्यामुळे प्रत्येक घराण्याच्या फोल्डरात मूळ पत्रिका खाली आणि तिचा बॅकअप वर, असा मान सॉर्टनं एकजात बहाल केला होता. ज्या पत्रिकेत वधूचं नाव चुकलं होतं ती वर, आणि जी वाटली गेली ती खाली.

पण खरी गंमत पुढे आहे. भाच्याच्या एका इंजिनिअर मित्रानं यादीसाठी आधीच एक स्क्रिप्ट लिहून दिली होती. कोणत्याही प्राथमिक पुस्तकात असते तशी: फाइंडनं दिलेली नावं एकेक करून घे आणि प्रत्येकावर काम कर. पुण्याच्या मुलानं लिहिली असती तर एखादेवेळी चाललीही असती. वऱ्हाडात ती चालणं शक्य नव्हतं, कारण वऱ्हाडातल्या गावांना आडनावं असतात.

नुसतं चांदूर म्हटलं तर पुढचा माणूस थांबून बघतो. चांदूर रेल्वे की चांदूर बाजार? नांदगाव असेल तर खंडेश्वर की पेठ? मंगरूळ दस्तगीर वेगळं, मंगरूळ चव्हाळा वेगळं. कारंजा लाड वाशीम जिल्ह्यात आणि कारंजा घाडगे वर्ध्यात. धामणगाव रेल्वे, तळेगाव दशासर, शिरजगाव कसबा, ब्राह्मणवाडा थडी, नेर पिंगळाई, बोरगाव मंजू. शेलला मोकळी जागा दिसली की शब्द संपला असं वाटतं. कोणी 'चांदूर रेल्वे' म्हटलं की त्याच्या हिशेबी दोन गोष्टी झाल्या, एक चांदूर आणि एक रेल्वे. तो इमानदारीनं दोन्ही शोधायला जातो आणि रिकाम्या हातानं परत येऊन सांगतो: चांदूर नावाची फाइल किंवा फोल्डर नाही. रेल्वे नावाची फाइल किंवा फोल्डर नाही. शिरजगाव नाही. कसबा नाही. मंगरूळ नाही, दस्तगीरही नाही. पडदाभर हीच आरडाओरड. अर्धा अमरावती जिल्हा नकाशावरून उठवायला एवढी एक स्क्रिप्ट पुरते.

अंजनगाव सुर्जीचीही हीच गत झाली. मात्र याच गावी ३० डिसेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि इंग्रज यांच्यात जो तह झाला, तो इतिहासाच्या पुस्तकात 'सुर्जी-अंजनगावचा तह' असा मध्ये रेघ मारून लिहितात. ती रेघ आहे म्हणून शेललाही तह एकसंध सापडेल. गाव सापडणार नाही, तह सापडेल.

यावर उतारा सोपा आहे आणि जगभरचे शहाणे तो वर्षानुवर्षं ओरडून सांगत आहेत: नाव अवतरणचिन्हांत ठेवा. त्याहून पक्का उपाय म्हणजे फाइंडला प्रिंट झीरो आणि सॉर्टला डॅश झेड. मग दोन नावांमधली हद्द मोकळ्या जागेनं किंवा ओळीनं नाही, तर शून्य बाइटनं ठरते. लिनक्सवर फाइलीच्या नावात काहीही चालतं, फक्त दोन गोष्टी चालत नाहीत: हा शून्य बाइट आणि तिरपी रेघ.

तिरपी रेघ चालत नाही याचा फटका कोणाला बसतो? सातबाऱ्याला. महसुलाचे २१ गाव नमुने, त्यातला सातवा जमीन कोणाची ते सांगतो आणि बारावा त्यात काय पेरलं ते सांगतो. दोन्ही एका कागदावर आले म्हणून सातबारा. शेतकरी तो लिहितो मध्ये तिरपी रेघ देऊन. संगणकाला त्या रेघेचा अर्थ कळतो तो असा की सात नावाच्या फोल्डरात बारा नावाची फाइल आहे. ज्या कागदावर कर्ज निघतं, पीकविमा निघतो आणि सख्खे भाऊ कोर्टात उभे राहतात, तो कागद संगणकावर स्वतःच्या नावानं ठेवता येत नाही. भाऊजींनी मार्ग काढला होता: 'सातबारा नवीन', 'सातबारा नवीन चांगला', आणि एका ठिकाणी 'सातबारा भांडणवाला'.

आता क्रमाचं. भाऊजींनी वरचे फोल्डर इंग्रजीत टंकले होते. अमरावती टंकताना त्यांचं कॅप्स लॉक दाबलेलं राहिलं होतं, म्हणून सगळी अक्षरं कॅपिटल. अकोल्याचं फक्त पहिलं कॅपिटल, बाकी लहान. सॉर्टला साध्या रीतीनं चालवलं की तिनं अकोला वर घेतला, अमरावती खाली. क म च्या आधी, के एम च्या आधी. यात कोणाला काही म्हणायला जागा नव्हती. मी अकोल्याचा, मला तर मुळीच नव्हती.

"असं कसं?" भाचा म्हणाला. "विभागाचं ठिकान अमरावती हाये. आयुक्त अमरावतीत बसते."

"सॉर्टला आयुक्त दिसत नाही."

तो गप्प बसला, पण त्याच्या इंजिनिअर मित्राला फोन लावून बसला. मित्रानं सांगितलं, स्क्रिप्टच्या वर एक ओळ टाका, एलसी ऑल बरोबर सी. या एका ओळीनं सॉर्ट माणसाळलेपण सोडते आणि नुसते बाइट मोजते. बाइटच्या हिशेबात इंग्रजीतलं शेवटचं कॅपिटल अक्षरसुद्धा पहिल्या लहान अक्षराच्या आधी येतं. म्हणजे कॅपिटल एम लहान के च्या आधी. भाच्यानं ओळ टाकली, एंटर मारला आणि अमरावती वर गेली, अकोला खाली. विभागीय मुख्यालय कॅप्स लॉकच्या बळावर प्रस्थापित झालं. मी ती ओळ काढली. त्यानं पुन्हा टाकली. बहीण आतून म्हणाली, "जेवून घ्या दोघं, आणि बुलडाण्याला वर ठेवा."

देवनागरीत टंकलेल्या नावांचा कज्जा आणखी खोल आहे. शाळेच्या पाटीवर ळ ह च्या नंतर येतो, शेवटच्या बाकावर, क्ष आणि ज्ञ यांच्या सोबतीला. युनिकोडनं त्याला उचलून ल च्या शेजारी बसवला. त्यामुळे बाइटच्या यादीत काळे आधी आणि कावळे नंतर. क्षीरसागरांना तर शेवटचा बाकही मिळाला नाही. क्ष हे संगणकाच्या लेखी क चं जोडाक्षर, म्हणून ते कौ संपल्यावर आणि ख सुरू होण्याआधी दाटीवाटीनं उभे. वऱ्हाडी माणसानं यातल्या ळ चा निकाल केव्हाच लावला आहे. तो शाळेला शाया म्हणतो आणि डोळ्याला डोया. त्याच्या यादीत ळ य च्या घरी राहतो आणि कोणाची तक्रार नाही.

आकड्यांचं दुखणं शेतीच्या फोल्डरात निघालं. कृषी केंद्रवाल्यांची पत्रकं भाचा छापतो, सोयाबीनच्या वाणांनुसार. परभणीच्या विद्यापीठाचे एमएयूएस ७१, १५८, १६२, ६१२ हे वाण इकडे सगळ्यांच्या तोंडी. सॉर्टनं लावलेला क्रम: १५८, १६२, ६१२ आणि सगळ्यात शेवटी ७१. ती पहिला आकडा बघते, मग दुसरा. एक हा सातच्या आधी, विषय संपला. त्यासाठी डॅश कॅपिटल व्ही आहे, मग ती आकडा आकड्यासारखा वाचते. पण आकडा इंग्रजी असला तरच. मराठीत टंकलेला ७१ आणि मराठीत टंकलेला ६१२, डॅश एन लावून विचारलं तर तिच्या मते दोघांची किंमत शून्य. १९६९ साली अकोल्यात पंजाबराव कृषी विद्यापीठ निघालं आणि त्याच वर्षी तिकडे अमेरिकेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सची सुरुवात केली. दोन्हीकडून पुढे भरपूर वाण निघाले. आमच्या वाणांची नावं त्यांच्या वाणाला मोजता येत नाहीत, एवढाच काय तो अनुशेष राहिला.

"नावाचं जाऊ द्या," भाचा म्हणाला. "तारखेनं लावा. जुनं आधी, नवं मंग."

हे फाइंडला येतं. प्रत्येक फाइल शेवटची कधी बदलली ते सेकंदात सांगायला तिला लावायचं आणि ते आकडे सॉर्टकडे द्यायचे. दिले. जवळजवळ सगळी घराणी १ जानेवारी २००२ या एकाच दिवशी बोहल्यावर चढली होती. काही नवरदेवांची तेरवीसुद्धा त्याच दिवशी. संगणकाच्या आतली ती चपटी गोल बॅटरी, सीआर २०३२, मेली की यंत्राला वेळेचं भान राहत नाही. वीज गेली की ते पुन्हा जन्मतारखेला जाऊन बसतं. आणि विदर्भात भारनियमनाच्या काळात वीज किती वेळा जात होती हे ज्यांनी तो काळ काढला त्यांना सांगायला नको. भाऊजींनी बॅटरी बदलली नाही. ते म्हणत, तारीख पत्रिकेवर असते ना?

असते, आणि फाइलीच्या नावातही होती: आधी दिवस, मग महिना, शेवटी वर्ष. म्हणून २०१४ च्या डिसेंबरची पाच तारीख वर आणि २००९ च्या जानेवारीची सहा तारीख खाली. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस असं लिहिलं की नावाचा क्रम हाच काळाचा क्रम होतो. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेनं १९८८ पासून हेच सांगितलं आहे, पण लग्नाचा दिवस सोडून आधी वर्ष कोण सांगतो? काही ठिकाणी तर नुसती तिथी होती, 'वैशाख शुद्ध तृतीया'. महिन्यांसाठी सॉर्टमध्ये डॅश कॅपिटल एम आहे. जानेवारी ते डिसेंबर तिला पाठ. वैशाख दिसला की ती 'ओळखीचा नाही' म्हणून जानेवारीच्याही आधी उभा करते, आणि चैत्रालाही त्याच्याच रांगेत.

ज्या मोर्शी तालुक्यातले नवरदेव इथं १ जानेवारीला अडकले होते, त्याच तालुक्यातल्या रिद्धपुरात म्हाइंभटांनी क्रम लावायचं हे काम हातानं केलेलं आहे, तेही इ.स. १२७८ च्या सुमारास. चक्रधरस्वामींच्या आठवणी ज्यांच्या ज्यांच्याजवळ होत्या त्यांना ते गावोगाव जाऊन भेटले, मिळालेलं नागदेवाचार्यांकडून पारखून घेतलं, आणि एकांक, पूर्वार्ध, उत्तरार्ध असं लावून लीळाचरित्र केलं. लीळा कोणत्या गावी घडली हे बहुधा लीळेतच असतं. गावावरून काळ लागतो आणि बॅटरीची गरज पडत नाही. (भाऊजींची गावावर श्रद्धा होती ती अगदीच वाया गेली असं म्हणता येत नाही.) पुढे मूळ पोथी परचक्राच्या धामधुमीत गेली आणि अनुयायांनी ती आठवणीतून पुन्हा सिद्ध केली. बॅकअप होता, पण तो वेगवेगळ्या डोक्यांत होता, त्यामुळे पाठही वेगवेगळे झाले. केसोबासांनी त्याच लीळांमधले दृष्टांत तेवढे वेचून दृष्टांतपाठ केला. युनिक्सवाले या कामाला ग्रेप म्हणतात आणि आपण नवीन काही केलं असं समजतात. वि. भि. कोलत्यांनी संपादित केलेली लीळाचरित्राची प्रत १९७८ साली छापून आली, सातशे वर्षांनी. आता रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ झालं आहे. तिथं कोणी ळ कुठं बसवायचा हा प्रश्न हाती घेतला तर काळे आणि कावळे दोघंही आभारी राहतील.

नाव झालं, काळ झाला, उरला आकार. सर्वांत जड फाइल शोधली तर निघाली चिखलदऱ्याची: लग्नाआधी नवरा-नवरीचं जे चित्रीकरण करतात त्याचा व्हिडिओ. ज्या गाविलगडाला १८०३ साली वेलस्लीनं तोफा लावल्या, त्याच्यावर आता ड्रोन घिरट्या घालतो आणि खाली नवरदेव भाड्याच्या जॅकेटमध्ये धावतो. अख्ख्या अचलपूर तालुक्याच्या पत्रिका एका बाजूला आणि हा नवरदेव एका बाजूला. उलट्या टोकाला, सर्वांत हलकी, 'उधारी' नावाची फाइल. आकार शून्य बाइट.

"हे रिकामं कसं?"

"ते मले पाठ हाये," भाचा म्हणाला, आणि त्यानं जठारपेठेतल्याच दोन घरांची नावं घेतली.

अखेर यादी झाली. थंब्स वगळून, गावांची आडनावं शाबूत ठेवून, आकडे आकड्यांसारखे लावून. अमरावती आणि अकोला यांच्यासाठी आम्ही वेगवेगळ्या दोन फाइली केल्या. अमरावतीपासून अकोल्याकडे येणाऱ्या महामार्गावर लोणी ते माना हा ७५ किलोमीटरचा एकपदरी डांबरी पट्टा जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज बुकात नोंद झाली होती; आमचा सौदा त्या मानानं रेंगाळला, पण तिकडे कोणता जिल्हा आधी हे कोणी विचारत बसलं नव्हतं.

तेवढ्यात भाच्याचा फोन वाजला. दर्यापूरकडचे एक काकाजी. मोठ्या मुलाच्या लग्नाची पत्रिका दुकानातच छापलेली, आता धाकट्याचं निघालं. तोच मजकूर, तोच गणपती, फक्त नावं बदलायची. भाच्यानं मोठ्या ऐटीनं माझ्याकडे बघून यादीत घराण्याचं नाव टाकलं. एंटर मारायच्या आत म्हणावं इतक्या लवकर फाइल समोर आली, बॅकअपसकट.

"भेटली काकाजी. सांगा, काय बदलवाचं?"

फोन स्पीकरवर होता. काकाजींनी वधूचं नाव सांगितलं, तारीख सांगितली, आणि मग घसा खाकरला. "ते खाली 'आपले विनीत' मधी मोठ्या भावाचं नाव पहिलं हाये न, ते तसंच राहू द्या. पण मधल्याचं बी पहिलं पायजे. या टायमाले मंगल कार्यालय त्यानं देल्लं."

भाच्यानं फोनवर हात ठेवला. "मामा, सॉर्टमधी याच्यासाठी काही डॅश हाये का?"

आहे की. डॅश के. दोन निकष देता येतात: आधी वय, आणि वय सारखं निघालं तर पैसा. मी सांगितलं, त्यानं तसंच पुढं सांगितलं.

"वय सारखं नाई न बापा," काकाजी म्हणाले. "दोन वर्साचं अंतर हाये. पण कार्यालय एसीचं हाये."

"मंग असं करतो काकाजी, दोघाइले एकाच ओळीत घेतो. कोनी वर नाई, कोनी खाली नाई."

पलीकडे विचार झाला. मागे कोणाला तरी विचारल्याचा आवाज आला.

"हाव, हे जमते," काकाजी म्हणाले. "मंग डाव्या बाजूले कोन?"